सुगंधी रेणूची परीक्षा कारखान्याच्या नळाशी होत नाही

बडोद्याच्या औद्योगिक पट्ट्यातले प्रक्रिया केलेले सांडपाणी 1983 पासून सुमारे 55 किलोमीटर लांबीच्या कालव्याने मही नदीच्या खाडीपर्यंत नेले जाते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या घरात जातो आणि पाणी सतत ढवळलेले असते. तिथे सोडलेले पाणी लवकर पांगेल, हा त्यामागचा तर्क. आम्ल, अल्कली आणि सहज कुजणारा सेंद्रिय माल यांच्यापुरता तो बरोबर आहे. पण ज्या रेणूला सूक्ष्मजीव तोंड लावत नाहीत आणि जो पाणी सोडून गाळात व चरबीत जाऊन बसतो, तो पांगला तरी संपत नाही. कपड्यांची पावडर, फरशी पुसायचे द्रव, अगरबत्ती, साबण, स्वस्त अत्तर यांत वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम कस्तुरींपैकी, म्हणजे कस्तुरीच्या वासाच्या बनावट द्रव्यांपैकी, बरेच रेणू याच जातीचे आहेत. ते कारखान्यातून येतात तसेच रावपुऱ्यापासून गोत्रीपर्यंतच्या प्रत्येक मोरीतूनही येतात.

अशा रसायनाचा टिकाऊपणा, जैवसंचय आणि विषारीपणा या तीन गोष्टी उत्पादनाला परवानगी देण्याआधी, त्या-त्या पदार्थासाठी स्वतंत्रपणे तपासल्या गेल्या पाहिजेत, असे आमचे ठाम मत आहे. त्यातही टिकाऊपणा सर्वात आधी. सांडपाण्याच्या तोंडाशी घेतल्या जाणाऱ्या आजच्या चाचण्या कितीही प्रामाणिकपणे केल्या तरी हे काम त्यांच्याकडून होणार नाही, कारण त्यांची रचनाच वेगळ्या कामासाठी आहे.

आकडेच पाहू. समुद्रात सोडायच्या सांडपाण्यासाठी आपल्याकडे सीओडीची, म्हणजे पाण्यातला माल रसायनाने पूर्ण जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनची, सर्वसाधारण मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे. गॅलॅक्सोलाइड ही जगभर सर्वात जास्त खपणाऱ्या कृत्रिम कस्तुरींपैकी एक. तिचे सूत्र सी18-एच26-ओ, रेणुभार 258. तिचा एक ग्रॅम पूर्ण जाळायला जवळजवळ तीन ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम कस्तुरी असेल, तर सीओडीत तिची भर 0.03 मिलिग्रॅमची. सीओडीच्या नेहमीच्या पद्धतीतली चूकच काही मिलिग्रॅमची असते, त्यात हा आकडा दिसणार कुठून? बीओडी, म्हणजे सूक्ष्मजीवांना तो माल खायला लागणारा ऑक्सिजन, आपण 27 अंशांवर तीन दिवस मोजतो. जे सूक्ष्मजीवांनी तीन दिवसांत खाल्ले तेच त्यात धरले जाते, आणि न खाल्ले जाणे हाच तर इथला मूळ दोष. तिसरी चाचणी माशांची: शंभर टक्के सांडपाण्यात 96 तासांनंतर 90 टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. मासा चार दिवसांत मरतो का, एवढेच तिच्यातून कळते. जो पदार्थ माशाच्या अंगात आठवडेच्या आठवडे साठत जातो, तो या चाचणीत बिनबोभाट उत्तीर्ण होतो. तिन्ही चाचण्या आपापल्या जागी हव्यातच. त्यांच्या बळावर ‘सांडपाणी मानकांत आहे, म्हणजे पदार्थ सुरक्षित आहे’ असे म्हटले जाते, आक्षेप त्याला आहे.

कृत्रिम कस्तुरीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. आल्बेर्ट बाउर हा रसायनज्ञ टीएनटीसारख्या स्फोटक पदार्थांवर काम करत असताना 1888 मध्ये त्याला नायट्रो-कस्तुरीचा सुगंध सापडला. त्याच कुळातली मस्क झायलीन पुढे साबण आणि डिटर्जंटमध्ये टनावारी गेली. जपानमधल्या तामा नदीच्या माशांत हे पदार्थ सापडल्याचे 1981 मध्ये प्रसिद्ध झाले. मधली 93 वर्षे कोणी शोधलेच नव्हते. युरोपीय महासंघाने 2008 मध्ये मस्क झायलीनला ‘अतिटिकाऊ आणि अतिसंचयी’ ठरवले आणि 21 ऑगस्ट 2014 नंतर खास परवानगीशिवाय तिचा वापर बंद केला. या निर्णयासाठी ती विषारी आहे हे सिद्ध करावे लागले नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत फारशी येत नाही. जो पदार्थ जातच नाही आणि अंगात साठतच राहतो, त्याचे विष सिद्ध होईपर्यंत थांबले तर नंतर तो परत गोळा करता येत नाही, हे तत्त्व तिथे मान्य झाले.

टिकाऊपणाला पहिला मान का, हे साध्या गणिताने कळते. एखादा पदार्थ रोज एक किलो या गतीने खाडीत जात असेल, तर तिथे साठणारा एकूण माल म्हणजे अर्धायुष्य (पदार्थ निम्मा व्हायला लागणारे दिवस) भागिले 0.693. अर्धायुष्य दहा दिवसांचे असेल तर साठा सुमारे 14 किलोवर थांबतो, 60 दिवसांचे असेल तर 87 किलोवर, आणि 180 दिवसांचे असेल तर 260 किलोवर. नळ तोच, रोजचा किलोही तोच. फरक फक्त रेणूच्या चिवटपणाचा.

युरोपच्या नियमांत टिकाऊपणाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. गोड्या किंवा खाडीच्या पाण्यात अर्धायुष्य 40 दिवसांहून जास्त, समुद्राच्या पाण्यात 60 दिवसांहून जास्त, गोड्या पाण्याच्या किंवा खाडीच्या गाळात 120, समुद्राच्या गाळात 180, मातीत 120. यांपैकी एक जरी ओलांडली तरी पदार्थ टिकाऊ. महीचे मुख ही खाडी आहे, तेव्हा बडोद्याला 40 आणि 120 हे आकडे लागू पडतात. समुद्राचे सैल आकडे इथे लावणे चूक आहे.

हे अर्धायुष्य मोजायचे कसे, हा भाग किचकट आहे आणि गफलत बहुतेक इथेच होते. पहिली पायरी म्हणजे ‘सहज विघटन’ चाचणी, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची 301 मालिका (पुढचे असे तीन आकडी क्रमांकही तिच्याच चाचण्यांचे). 28 दिवसांत सैद्धांतिक ऑक्सिजन-मागणीच्या, म्हणजे पदार्थ पूर्ण जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या, 60 टक्के विघटन झाले पाहिजे, आणि बहुतेक पद्धतींत ते 10 टक्क्यांचा टप्पा ओलांडल्यापासून दहा दिवसांच्या आत. उत्तीर्ण झालेला पदार्थ टिकाऊ नाही असे धरता येते. नापास झालेला टिकाऊच आहे असे मात्र नाही, त्याची पुढची चौकशी करावी लागते.

या साध्या दिसणाऱ्या चाचणीत चार ठिकाणी घोळ होतो. सूक्ष्मजीव कुठून आणले, हा पहिला. नियमाप्रमाणे ते घरगुती मलजल केंद्रातले, त्या पदार्थाची सवय नसलेले हवेत. ज्या सीईटीपीत, म्हणजे कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी केंद्रात, तो पदार्थ वर्षानुवर्षे येतो आहे तिथलाच स्लज (सूक्ष्मजीवांनी भरलेला गाळ) वापरला, तर तिथले जीव त्याला सरावलेले असतात आणि निकाल विनाकारण चांगला येतो. खाडीतल्या जीवांना तो सराव नसतो. दुसरा घोळ उडून जाण्याचा. सुगंधी द्रव्य हवेत उडते म्हणूनच त्याचा वास येतो. 301-बी पद्धतीत बाटलीतून हवा सतत फिरवली जाते. पदार्थ हवेबरोबर निघून जातो, विघटनाचे माप म्हणून मोजला जाणारा कार्बन डायऑक्साइड कमी भरतो आणि बिचारा पदार्थ उगाच नापास ठरतो. उलट, कोणी फक्त मूळ पदार्थ किती उरला एवढेच मोजले, तर उडून गेलेला मालही ‘विघटन’ म्हणून खपतो. म्हणून अशा पदार्थांना 301-एफ किंवा 310 यांसारखी बंद बाटलीची पद्धत हवी. तिसरा घोळ विद्राव्यतेचा. गॅलॅक्सोलाइड लिटरभर पाण्यात पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपासच विरघळते, आणि चाचणीत त्याच्या कितीतरी पट टाकावे लागते. न विरघळलेला भाग काचेला चिकटून राहतो, सूक्ष्मजीवांपर्यंत पोहोचतच नाही. चौथा, पदार्थ सूक्ष्मजीवांनाच मारतो का हे पाहणारी जोड-बाटली न ठेवणे. सोडियम बेंझोएटसारखा संदर्भ-पदार्थ 14 दिवसांत 60 टक्क्यांना पोहोचला नाही, तर अख्खी चाचणी बाद करायला हवी. अहवाल हातात आला की आम्ही हे पान आधी उघडतो.

खरे अर्धायुष्य मिळते ते त्यापुढच्या चाचण्यांत: पाण्यासाठी 309, पाणी आणि गाळ यांसाठी 308, मातीसाठी 307. त्यांत पदार्थ किरणोत्सारी कार्बन-14 ने खुणावलेला असतो. 309 मध्ये पदार्थाचे प्रमाण लिटरला 100 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसते आणि साधारण 60 दिवस त्याचा माग काढतात. महीच्या खाडीसारख्या गढूळ पाण्यासाठी याच चाचणीचा तरंगत्या गाळासह करायचा प्रकार निवडला पाहिजे, कारण तिथे हे रेणू पाण्यात कमी आणि मातीच्या कणांवर जास्त असणार. 308 मध्ये अडीच सेंटिमीटर जाडीचा गाळ, त्यावर तीन-चार पट पाणी आणि शंभर दिवस. शेवटी हिशेब जुळला पाहिजे. घातलेल्या किरणोत्साराच्या 90 ते 110 टक्के सापडला नाही, तर पदार्थ कुठे गेला हे कोणाला माहीतच नाही, असा त्याचा अर्थ.

‘नाहीसा झाला’ आणि ‘विघटित झाला’ यांतला फरक इथे जपावा लागतो. मस्क झायलीनवरचा नायट्रो गट मलजल केंद्रात सूक्ष्मजीव बदलतात आणि अमिनो रूपे तयार होतात. मूळ पदार्थ कमी झालेला दिसतो, पण रेणूचा सांगाडा तसाच असतो. जर्मनीत तपासलेल्या सांडपाण्यात ही अमिनो रूपे मूळ कस्तुरीपेक्षा जास्त सापडली आहेत. गॅलॅक्सोलाइडपासून तिचे लॅक्टोन हे थोडे बदललेले रूप बनते. गाळाला घट्ट चिकटून बसलेला, द्रावकानेही न सुटणारा भाग असतो. तो संपला असे धरायचे की उरला असे? पुरावा मिळेपर्यंत तो उरला असेच धरले पाहिजे. उत्पादकाला हे जड वाटेल, पण सिद्ध करण्याची जबाबदारी त्याचीच आहे.

जैवसंचयाचे मोजमाप तुलनेने सरळ आहे. पदार्थाला पाण्यापेक्षा तेलाची ओढ किती, हे ऑक्टॅनॉल हा तेलासारखा द्रव आणि पाणी यांतल्या वाटणीवरून कळते. तिचा लॉगॅरिथम 4.5 च्या वर गेला की संशय घ्यायचा. तेलाची ओढ एवढी जास्त असलेल्या पदार्थासाठी बाटली जोरात हलवण्याची जुनी पद्धत निकामी ठरते, कारण ऑक्टॅनॉलचे बारीक थेंब पाण्यात तरंगत राहतात आणि आकडा खाली येतो. हळू ढवळण्याची 123 पद्धत लागते. संशय पक्का करायचा तो माशांवरच्या 305 चाचणीने: साधारण 28 दिवस ठरावीक प्रमाणाच्या वाहत्या पाण्यात, मग स्वच्छ पाण्यात. अंगात शिरण्याची गती भागिले बाहेर पडण्याची गती म्हणजे बीसीएफ, पाण्याच्या मानाने माशात पदार्थ किती पट साठतो तो आकडा. 2000 च्या वर संचयी, 5000 च्या वर अतिसंचयी. मासा चाचणीच्या काळात वाढत असेल तर त्याच्या वजनामुळे प्रमाण पातळ होते. ती दुरुस्ती न करता दिलेला आकडा वापरू नये.

बीसीएफ नेहमी पाच टक्के चरबीवर आणून सांगतात. पदार्थांची आपापसांत तुलना करायला ते योग्यच आहे. पण गुजरातच्या खाड्यांत चढणारा पाला, म्हणजे हिलसा, हा चांगलाच चरबीदार मासा. त्याच्या अंगात प्रत्यक्षात उतरणारे प्रमाण त्या आकड्यापेक्षा जास्त असू शकते. आणखी एक प्राणी बडोद्याला विसरता येत नाही. विश्वामित्रीत, भर शहरात, मगरी राहतात, आणि नदी शहराचे पाणी घेऊन ढाढरला व पुढे आखाताला मिळते. मगर फुप्फुसाने श्वास घेते. माशाच्या कल्ल्यांतून जो पदार्थ पाण्यात परत निघून जातो, तो तिला तसा टाकता येत नाही. म्हणून हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्यांसाठी माशाचा बीसीएफ पुरत नाही. ऑक्टॅनॉल-हवा वाटणीचा लॉगॅरिथम 5 च्या वर आणि ऑक्टॅनॉल-पाण्याचा 2 च्या वर असेल, आणि शरीर पदार्थ मोडत नसेल, तर अशा प्राण्यांत तो साठण्याची शक्यता धरावी लागते.

विषारीपणाबद्दल थोडक्यात. दीर्घकालीन चाचणीत, म्हणजे डाफ्निया या पाण्यातल्या बारीक जीवावर 21 दिवस किंवा माशाच्या अंड्यापासून पिल्लापर्यंत, परिणाम न दिसणारे प्रमाण लिटरला 10 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर पदार्थ विषारी. कर्करोग, जनुकीय बदल किंवा प्रजनन यांच्या ठरावीक वर्गांत तो बसत असेल, तरीही विषारी.

आता गॅलॅक्सोलाइड या कसोट्यांवर घासून पाहा. तिची तेलाची ओढ (वरचा लॉगॅरिथम) 5 च्या पुढे. ब्लूगिल माशातला बीसीएफ 1584, म्हणजे 2000 च्या आत. माशाच्या पिल्लांवर परिणाम न दिसणारे प्रमाण 68 मायक्रोग्रॅम, डाफ्नियावर 111, म्हणजे 10 च्या बरेच वर. युरोपच्या 2008 च्या मूल्यमापनात ती पीबीटी, म्हणजे टिकाऊ, संचयी आणि विषारी असे तिन्ही, ठरली नाही, आणि त्या आकड्यांवर तो निर्णय योग्यच होता. पण ‘पीबीटी नाही’ याचा अर्थ ‘काळजी नाही’ असा काढला जातो, तो चुकीचा आहे. पाण्यात लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम असला, तरी 1584 च्या हिशेबाने माशात किलोमागे 0.8 मिलिग्रॅम होतो. कसोटीची रेषा चुकवणे वेगळे आणि रेषेपासून दूर असणे वेगळे. रेषेजवळच्या पदार्थांचे खाडीच्या गाळातले प्रमाण दरवर्षी मोजले गेले पाहिजे.

उद्योगाकडून एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. युरोप आपले अर्धायुष्य 12 अंशांवर मोजतो. आपले पाणी 30 अंशांचे. उष्णतेत विघटन वेगाने होते, मग त्यांच्या मर्यादा आपल्याला का? युरोपात वापरली जाणारी 65.4 किलोज्यूलची सक्रियण ऊर्जा (तापमानाबरोबर विघटनाची गती किती बदलते हे ठरवणारा आकडा) धरून हिशेब केला, तर 12 अंशांवरचे 60 दिवस 30 अंशांवर सुमारे 12 दिवस होतात. म्हणजे पाच पटींचा फरक, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण हे सूत्र तेच जीव, तीच प्रक्रिया आणि पुरेसा ऑक्सिजन असेल तरच चालते. खाडीच्या चिखलात वरचा पातळ थर सोडला की खाली ऑक्सिजन नसतो, आणि ऑक्सिजनवर अवलंबून असलेले विघटन तिथे उष्णतेने वाढत नाही. शिवाय ज्याचे 12 अंशांवरचे अर्धायुष्य 600 दिवस आहे, तो पदार्थ 30 अंशांवरही सुमारे 117 दिवस टिकतो. गाळाच्या 120 च्या मर्यादेला तो जेमतेम आत बसतो, तोही चिखलात ऑक्सिजन आहे असे धरून. तेव्हा आमचे म्हणणे असे, की चाचणी महीच्या गाळावर, 25 ते 30 अंशांवर, ऑक्सिजनसह आणि ऑक्सिजनविना अशी दोन्ही प्रकारे व्हावी आणि निकाल 12 अंशांवर आणूनही द्यावा. निर्यात करणाऱ्याला तो दुसरा आकडा तसाही लागतोच.

दुसरा आक्षेप खर्चाचा. खुणावलेला रेणू बनवून घेणे आणि त्यावर 308 चालवणे छोट्या कारखान्याला परवडत नाही, हे खरे आहे. म्हणून सगळ्यांना सगळे लावू नये. 301 मध्ये उत्तीर्ण झालेल्याला तिथेच सोडावे. लिनालूलसारखे फुलांच्या वासाचे पदार्थ तिथेच सुटतात. कस्तुरीतही मोठ्या वलयाची, एस्टर बंध असलेली द्रव्ये, उदाहरणार्थ एथिलीन ब्रासिलेट, सहज विघटित होतात, कारण तो बंध सूक्ष्मजीवांना फोडता येतो. ती महाग पडतात, पण पर्यायच नाही असे कोणी म्हणू नये. जे 301 मध्ये नापास होतील आणि ज्यांची तेलाची ओढ 4.5 च्या वर असेल, त्यांनाच पुढची पायरी चढायला लावावी, आणि एकच पदार्थ बनवणाऱ्यांनी तो खर्च वाटून घ्यावा. जीएलपी, म्हणजे कामाच्या ठरावीक चांगल्या पद्धती पाळणाऱ्या, प्रयोगशाळांचे निकाल परस्परांनी मान्य करण्याच्या ओईसीडी व्यवस्थेत भारत 2011 पासून पूर्ण सदस्य आहे. इथे नीट केलेली चाचणी युरोपात पुन्हा करावी लागत नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1890 मध्ये, कलाभवन उभे राहिले आणि रंगाई व रसायनाचे शिक्षण सुरू झाले. त्या शहरात या कामाला माणसे मिळणार नाहीत असे आम्ही मानत नाही.

देशपातळीवर रसायनांच्या नोंदणीचे नियम मसुद्याच्या रूपात फिरत आले आहेत. त्यांची वाट न पाहता, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारखान्याची संमती नव्याने देताना उत्पादनांची यादी मागता येते. त्याच यादीत प्रत्येक सुगंधी द्रव्यापुढे 301 चा निकाल, तेलाची ओढ आणि लागल्यास अर्धायुष्य असे तीन रकाने वाढवायचे आहेत. ‘शुद्धता 98 टक्के’ असे प्रमाणपत्र तिथे चालवून घेऊ नये. उरलेले दोन टक्के काय आहेत, तेच विचारायचे आहे. युरोपात 0.1 टक्क्याच्या वरचा प्रत्येक घटक स्वतंत्रपणे तपासावा लागतो, आणि सुगंधी द्रव्ये बहुधा कित्येक समघटकांचे, म्हणजे अणू तेच पण रचना वेगळी असलेल्या रेणूंचे, मिश्रण असतात. त्यांतला एक सहज कुजणारा आणि शेजारचा चिवट, असे होऊ शकते.

मलजल केंद्रांच्या स्लजकडे मात्र लगेच बघावे लागेल. ‘केंद्रात बहुतेक सगळी कस्तुरी निघून जाते’ या वाक्यातली बरीचशी कस्तुरी विघटित झालेली नसते, ती स्लजला चिकटलेली असते. तो स्लज खत म्हणून शेतात जाणार असेल, तर आधी कस्तुरींसाठी तपासला पाहिजे, आणि त्या पदार्थांसाठी खाडीच्या गाळाऐवजी मातीतली 307 चाचणी मागितली पाहिजे. पाणी स्वच्छ करून माल जमिनीवर टाकला, तर 120 दिवसांची मर्यादा तिथेही तेवढीच लागू आहे.